तुमच्या वाटचं

सोडाला, जयपूर
६ मार्च २००५

अहो,

फोनवर तुम्ही फक्त आईंशी बोलता. रविवारी घंटी वाजली की त्या लगबगीने उठतात, रिसीव्हर कानाला लावून माझ्याकडे पाठ करून बसतात, आणि फोन ठेवल्यावर मला एवढंच कळतं की "बरा आहे तो." म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात मध्येच कुणी पाठ फिरवत नाही.

आई इंदूरला तुमचं घर लावून परवा परत आल्या. घर छान आहे म्हणाल्या, गॅलरीत तुळस ठेवायला जागा आहे, शेजार चांगला आहे. पुढे काहीच बोलल्या नाहीत. मग जेवायला बसल्यावर तुमचा निरोप सांगितला. "दिलीप म्हणाला, तिला म्हणावं आधी वजन उतरव, मग बोलावतो. नवीन ऑफिस आहे, चार लोकांत घेऊन जायची लाज वाटते." गार्गी शेजारी बसून वरणभात कालवत होती. अकरा वर्षांच्या मुलीसमोर बोलू नये एवढंही त्यांना वाटलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी उचलून माझ्या ताटात टाकली. "हे संपव गं, मला नको झालंय."

आणि मी ती खाल्ली. बघा ना, तुमचा निरोप ऐकत ऐकतच खाल्ली.

लाज म्हणता तर मलाही एक सांगायचंय. डिसेंबरमध्ये तुम्ही मला विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत देवेंद्रजींच्या मसाल्याच्या कारखान्यात घेऊन गेला होतात. तुमच्याकडे विमा उतरवलेले ते जुने पॉलिसीवाले, बदली झाली म्हणून निरोप घ्यायला. धण्याची पोती तोलायचा काटा तिथे दारातच होता. तुम्ही मला दंडाला धरून त्यावर उभं केलंत आणि तोलणाऱ्याला म्हणालात, "भैया, देखना जरा, कितनी बोरी बैठती है." सगळे हसले. धण्याची धूळ नाकात गेली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी तुम्हाला गाडीत सांगितलं होतं. ते खोटं होतं.

असो. तुम्ही म्हणता तर उतरवते. काल पहाटे गच्चीवर गेले आणि गार्गीची दोरी घेऊन उड्या मारल्या. चार उड्यांत धाप लागली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "बहनजी, कुछ गिरा क्या?" मी म्हटलं, नाही, मीच आहे.

जयंती


३० मार्च २००५

अहो,

होळी झाली. पुरणपोळ्या केल्या. तुम्ही नसताना एवढ्या कशाला, असं मी म्हणाले तर आईंना राग आला. "बाहेरगावी गेलेल्या माणसाचं मापातून काढू नये. अशुभ असतं ते. त्याच्या वाटचे तांदूळ रोज पडलेच पाहिजेत." सांगलीला त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेलं. तेव्हा तुमच्या वाटची मूठ रोज पातेल्यात पडते आहे, काळजी नसावी. तुम्ही तिकडे सुखरूप आहात ते माझ्या कुकरमुळे.

पण ते खायचं कुणी, हे त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं नाही. लग्न झाल्यापासून मला तर माहीतच आहे. अन्न टाकायचं नाही. उष्टं गाईला घालायचं नाही, पाप लागतं. सुमनला द्यायचं नाही, कामवाल्यांना सवय लागते. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, शिळ्याने वात होतो. मग राहिलं कोण? सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायला बसणारी. गार्गीने टाकलेला भात, तुमच्या ताटातली अर्धी भाजी, श्रीखंडाच्या भांड्याला चिकटलेलं, तुपाच्या कढल्यातली बेरी. मी एवढी वर्षं काय खाऊन फुगले असं तुम्ही मित्रांना विचारायचात ना? तुमचं उष्टं खाऊन. पोतं भरलंत तुम्ही लोकांनी आणि मग तेच काट्यावर ठेवलंत.

तर होळीच्या दिवशी तीन पोळ्या उरल्या आणि पातेलंभर कटाची आमटी. मी माझी एक भाकरी, काकडी आणि मोडाचे मूग खाल्ले आणि पाणी प्यायले. आई बघत बसल्या. "हे उरलंय." मी म्हटलं, "हो ना." "मग?" "मग काय, तुमच्या मुलाने वजन उतरवायला सांगितलंय. मी कसं खाऊ?"

त्यांनी पोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिडकीखाली गाय उभी होती, तिच्याकडेही पाहिलं. मग ताट पुढे ओढलं. शेवटची पोळी खाताना त्यांना ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सासूसुनेचं किती छान चाललंय.

जयंती


१९ मे २००५

अहो,

तुमचं आंतर्देशीय मिळालं. "आईचा आवाज फोनवर खुशीत वाटतो, तू तिला चांगलं खाऊ घालतेस असं म्हणाली, बरं वाटलं." मलाही बरं वाटलं हो. लग्नानंतर तुम्ही माझं पहिल्यांदाच कौतुक केलंत.

घालते तर. आता मी स्वयंपाकात कुचराई करत नाही. तुम्हाला आवडायचं ते सगळं होतं, तुमच्या मापाने. बुधवारी साटोऱ्या, शनिवारी दाल-बाटी-चुरमा, रविवारी प्याज कचोरी, पहिल्या वाफेचा भात आणि वर आई म्हणतात तेवढं तूप. मी माझ्या ताटात भिजवलेल्या चण्यांची उसळ आणि ताक घेते. वास येतो तेव्हा जीव जातो, खोटं कशाला बोलू. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघराचं दार लावून पदर तोंडात कोंबून उभी राहायचे. आता होत नाही तसं. आता आई खाताना बघितलं की माझंच पोट भरतं.

उन्हं अशी आहेत की सातनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. म्हणून पहाटे जाते. दोरी, सूर्यनमस्कार, आणि टीव्हीवर ते पोट आत-बाहेर करायला शिकवतात तेही. दुपारी फरशी मी पुसते, सुमनला सांगितलं की तू फक्त भांडी घास. ती म्हणते, "भाभी, आप तो आधी रह गईं." ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेत. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. काल बाजारात मी चालत होते आणि पाठीमागून एकाने शीळ मारली, अहो! आधी वाटलं दुसऱ्या कुणाला असेल, म्हणून मागे वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मला राग यायला हवा होता.

आईंची नऊवारी आता कमरेला पुरत नाही. त्यांनी गार्गीला सांगितलं की धोब्याने आटवली.

जयंती


१० ऑगस्ट २००५

अहो,

तीजेच्या सणाला मिठाईवाल्याकडून घेवर आणला होता. मोठा, मलईवाला. देवेंद्रजींनीही एक पाठवला. दोन घेवर आणि खाणाऱ्या आई एकट्या.

पण आधी एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात मी गच्चीवरून खाली आले तर आई गार्गीच्या ताटात स्वतःच्या ताटातला शिरा ढकलत होत्या. "खा गं, अन्न टाकू नये, मुलीच्या जातीने संपवायची सवय लावावी." गार्गी रडकुंडीला आली होती, तोंड भरलेलं होतं तिचं. मी तो शिरा परत आईंच्या ताटात घातला आणि म्हटलं, "माझ्या मुलीच्या ताटाला हात लावायचा नाही. उष्ट्याची एक बादली झाली या घरात, दुसरी होणार नाही." इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. मी समोर बसून राहिले, शिरा संपेपर्यंत.

आता गार्गी. तुम्हाला माहीत आहे तिचं मराठी कसं आहे. रात्री वेणी घालताना मला म्हणाली, "मम्मी, आजीचे पाय सुजून गेलेत. ती बाथरूममध्ये उठू नाही शकत. तू जान-बूझकर तिला खायला घालते ना?" मी म्हटलं, मी कुठे घालते, आजी स्वतः खाते. "पण तू इतकं बनवते कशाला?" मी म्हटलं, आजीचाच नियम आहे, पप्पांच्या वाटचं मापातून काढायचं नाही. मग म्हणाली, "तर मग आजीला सांग ना, की पप्पा तिकडे जेवतात." वेणी ओढली गेली तिची माझ्याकडून. मुद्दाम नाही ओढली.

मुलीने तसं म्हटल्यावर मी घेवर उचलून ठेवावा असं मनात आलं, पण आल्या आल्या गेलं. तेरा वर्षं मी शेवटी बसून खाल्लं तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. आईंनी घेवर खाल्ला. दुसरा दुसऱ्या दिवशी, शिळा. वाताचा नियम आता राहिला नाही.

माझं बघाल तर ओळखणार नाही. तुम्ही दिवाळीला आलात की निघूच आपण. गार्गीच्या शाळेचा दाखला काढायला अर्ज देऊन ठेवू का?

जयंती


४ ऑक्टोबर २००५

अहो,

आईंना चक्कर आली होती. घाबरू नका, फोनवर त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही कारण मी शेजारी उभी होते. आपल्या महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर श्रीधर घरी येऊन बघून गेले. साखर खूप वाढली आहे, गुडघे गेलेत, रक्तदाबही आहे. मला बाहेर बोलावून म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्वतःकडे इतकं लक्ष दिलंत, यांच्याकडे कसं नाही दिलंत? सात-आठ महिन्यांत एवढं वजन?" मी खाली मान घालून म्हटलं, "त्या ऐकत नाहीत हो डॉक्टर. अन्न टाकवत नाही त्यांना." आईंनी पलंगावरून सगळं ऐकलं. त्यात खोटं काय होतं?

आता डॉक्टरांनी पथ्य दिलंय आणि घरातल्या घरात व्यायाम. तो मीच करून घेते, मला आता सगळं येतं. दुधी उकडलेला, तुरीचं पातळ वरण, फोडणी नाही. मापाचा नियम मात्र मी मोडलेला नाही, दुधी चौघांचाच होतो. जेवणानंतर जिना. चार पायऱ्या चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहतात. मी वरून म्हणते, "एवढंसं चालवत नाही? माणसाने स्वतःकडे बघायला नको का? चार लोकांत लाज वाटते." शब्द तुमचेच आहेत. मला तोंडपाठ आहेत.

परवा त्या पायरीवर बसून रडल्या. म्हणाल्या, "दिलीपला लिही, मला इंदूरला घेऊन जा म्हणावं." मी म्हटलं, "लिहिते ना. पण तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. आधी वजन उतरवा, मग बोलावतील."

हे बोलताना मला कसं वाटलं विचाराल तर सांगते. गोड वाटलं. श्रीखंडाच्या भांड्याला चिकटलेलं बोटाने काढून खाताना वाटायचं, तसं.

आणखी एक. मी मसाला आणायला देवेंद्रजींच्या कारखान्यात गेले होते, एकटी. काटा तिथेच आहे. मी आपणहून चढले त्यावर. तोलणाऱ्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. देवेंद्रजी बाहेर आले आणि म्हणाले, "भाभीजी, बीमार-वीमार हो क्या?" म्हणजे बघा. यांना कशानेच समाधान नाही. पण कुणी हसलं नाही.

दिवाळीला किती तारखेला निघताय ते कळवा. मी सामानाची बांधाबांध सुरू केली आहे.

जयंती


१० नोव्हेंबर २००५

दिलीप,

ऑडिट आहे म्हणून तुम्ही दिवाळीला आला नाहीत. भाऊबीजही झाली. गार्गीने दारात काढलेली रांगोळी तुम्ही येईपर्यंत पुसू दिली नव्हती. आता मीच पुसली.

भाऊबीजेच्या दुपारी आईंना मी जिन्यावर घेतलं. सण होता तरी सुट्टी दिली नाही. मधल्या पायरीवर त्या बसल्या आणि उठेचनात. मी नेहमीचं बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "थांब. किती झिजशील गं? तो तुला नेणार नाहीये."

मी म्हटलं, का नाही नेणार, आता माझ्यात उतरवायला राहिलंय काय?

"वजनाचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणून त्या हसल्या. "मी फेब्रुवारीत घर लावायला गेले होते ना, तेव्हा घर लावलेलंच होतं. कुकर तिनेच लावला होता. शालिनी नाव आहे, त्याच्याच ऑफिसातली. मला वाकून नमस्कार केला तिने. आणि एक सांगू? तुझ्याहून दांडगी आहे. तू होतीस ना तेव्हा, त्याहूनसुद्धा. सोफ्यावर बसली तर शेजारी दुसऱ्याला जागा नाही. दिलीप तिच्या ताटात आग्रह करकरून वाढत होता."

माझी दया येऊन त्यांनी सांगितलं असं समजू नका. डोळे चमकत होते त्यांचे. महिनोन् महिने तोंडात धरून ठेवलं होतं, माझ्या हाताखाली जिने चढतानासुद्धा. नेमकं मी सर्वांत बारीक झाले तेव्हा काढलं. मी त्यांना ओळखलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

मी आधी हसले. मग तिथेच, त्यांच्या खालच्या पायरीवर बसून मोठ्याने रडले, खालच्या काकू दार उघडून बघेपर्यंत. मोडाचे मूग, उपाशी झोपलेल्या रात्री, दोरीने पायाला पडलेले वळ, सगळं आठवलं. तुम्हाला जाड बायको नकोशी नव्हतीच. तुम्हाला मीच नकोशी होते, आणि ते तोंडावर बोलायची धमक नव्हती म्हणून काट्यावर उभं केलंत. मेल्या माणसा, एका वाक्यात सांगायचं होतंस. मी माझं पोट भरून जेवले तरी असते.

रडून झाल्यावर आईंना हाताला धरून उठवलं. त्यांना वाटलं आता खाली नेईन. मी उरलेल्या पायऱ्या चढवून घेतल्या.

तर आता ऐका. देवेंद्रजींच्या मुलाची सुमो पुढच्या शुक्रवारी इंदूरला निघते आहे. पुढच्या सीटवर आई मावत नाहीत, म्हणून मागची सगळी सीट त्यांना दिली आहे. सांगलीहून आणलेलं त्यांचं पितळी पातेलं, तांदळाचं माप आणि ताट बरोबर बांधलं आहे. गोळ्या बटव्यात आहेत, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच. गाडीतून उतरवायला दोन माणसं ठेवा. त्यांना मी काट्यावर उभं केलेलं नाही, तेवढं तुमच्यासाठी ठेवलंय.

निघायची गोष्ट सांगितली तेव्हा त्या घाबरल्या. म्हणाल्या, "माझं उतरलंय कुठे अजून? तो काय म्हणेल?" पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्यासारखा दिसला. जवळ घ्यावंसं वाटलं, पण नाही घेतलं.

माझं आणि गार्गीचं इथे चाललं आहे. खालच्या काकूंनी आणि त्यांच्या दोन जावांनी मला विचारलंय, पहाटे गच्चीवर आम्हालाही घ्याल का. आजही घेतल्या उड्या. तुमच्यासाठी नव्हत्या, तरी दोरी तशीच फिरते. आई निघाल्या की घरी भात दोघींचाच लागेल. तुमच्या वाटची मूठ मी भाऊबीजेच्या संध्याकाळपासूनच काढून टाकली आहे. अशुभ असतं म्हणतात, तेव्हा रस्ता ओलांडताना जपून.

आईंचे नियम तुम्हाला पाठ असतीलच, तरी शालिनीबाईंना वाचून दाखवा. अन्न टाकायचं नाही. गाईला उष्टं नाही, कामाच्या बाईला नाही, फ्रिजमध्ये नाही. बाहेरगावी राहिलेल्या माणसांचं मापातून काढायचं नाही, म्हणजे माझी आणि गार्गीची मूठ रोज पडली पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी शालिनीबाईंना बसवा आणि उरलेलं त्यांच्या ताटात घाला.

अंगाने दांडग्या आहेत म्हणे, संपवतील.

जयंती